मधोमध थांबलेला काटा

पहिले पाच महिने मला त्या काट्याचं फार कौतुक होतं. किल्ली फिरवली की ऑइल प्रेशरचा काटा उठून बरोबर मधोमध यायचा आणि गाडी बंद करेपर्यंत तिथंच उभा असायचा. कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या सिग्नलला थांबलो तरी तिथंच, फ्रीवेवर इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेरे घेत (साडेतीन हजार आरपीएमला) असलं तरी तिथंच. अठ्ठावीस वर्षांची गाडी आणि प्रेशर असं स्थिर! आधीच्या मालकानं पोटच्या पोरीसारखी सांभाळली असणार, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे.

मग एका शनिवारी गाडी धुताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेलाचं प्रेशर असं स्थिर राहूच शकत नाही. ऑइल पंप इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, क्रँकवरच फिरतो. इंजिन हळू फिरलं की पंप हळू, म्हणजे प्रेशर कमी. तेल थंड असताना घट्ट असतं, तेव्हा प्रेशर चढतं; तापून पातळ झालं की उतरतं. ज्या गाडीचा काटा हलत नाही, तिचा काटा काही मोजतच नसतो.

गाडी म्हणजे १९९६ ची माझदा मियाटा, पहिल्या पिढीतली, डोळे उघडमीट करणाऱ्या हेडलाइटची. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली ती घडली आणि त्यांच्या चमूनं एक जपानी शब्द धरून ठेवला होता: जिनबा इत्ताई. घोडा आणि स्वार एकजीव. हजार किलोच्या आसपास वजन, दोन माणसं, मागच्या चाकांना ताकद, आणि हाताला रस्त्याचा खडा न् खडा कळेल असं स्टिअरिंग. जी गाडी इतकं सगळं अंगाला सांगते, तिनं तेलाबद्दल मात्र असं गप्प राहावं, हे माझ्या मनाला लागलं.

शोध घेतल्यावर कळलं की १९९४ पर्यंतच्या मियाटात हे मीटर खरं होतं. १९९५ पासून इंजिनवरचा प्रेशर मोजणारा सेंडर काढून तिथं साधा स्विच बसवला. प्रेशर अगदी थोड्या पीएसआयच्या (पीएसआय हे प्रेशरचं एकक) वर गेलं की स्विच लागतो आणि काटा मध्यावर येतो. आकड्यांची तबकडी तीच, काटा तोच, फक्त आत इशाऱ्याच्या दिव्याचं काम. तेल बारा पीएसआयवर असो वा साठ, काटा म्हणणार ‘ठीक आहे’. का केलं असेल, हे समजू शकतं. सिग्नलला थांबल्यावर काटा खाली उतरलेला पाहून माणसं घाबरतात, वर्कशॉपमध्ये गाडी आणून उभी करतात. पण घाबरणाऱ्याला समजावून सांगणं वेगळं आणि त्याच्यासमोर खोटा काटा ठेवणं वेगळं. दिवाच लावायचा होता तर दिवा लावायचा. दिवा स्वतःला दिवा म्हणवतो.

तापमानाच्या काट्याचंही थोडंफार तसंच. तो खोटा नाही, पण त्याला मुद्दाम सुस्त केलेलं असतं. इंजिन तापलं की तो मध्याच्या जवळ येतो आणि पुढं बऱ्याच अंशांचा फरक पडला तरी जागचा हलत नाही. हलतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत हेच आहे, त्यामुळे यात एकट्या मियाटाला दोष देण्यात अर्थ नाही.

हे सगळं मला एवढं का टोचलं, त्याचं मूळ बोरघाटात आहे.

आमच्याकडे फियाट होती. नाव प्रीमियर पद्मिनी, पण तिला फियाटच म्हणायचे. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीचे दिवस. मे महिन्यात पुण्याला जाताना खोपोली सोडली की बाबा बोलणं बंद करायचे. काच खाली, कोपर बाहेर, कान इंजिनाकडे. शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि आम्ही सगळे उतरून उभे. आजूबाजूला अशाच चार-पाच गाड्या बॉनेट वर करून वाफा सोडत असायच्या. बाबांची कधी उकळली नाही. उकळायच्या आधीच ते थांबायचे. कसं कळतं, विचारलं तर म्हणायचे, “वास येतो. आणि पायाखाली ती जड होते.”

पण बाबा नुसत्या वासावर विसंबणारे नव्हते. डिकीत कापडी पिशवीत एक वही असायची. लाल पुठ्ठ्याची, दुकानदारांकडे असते तशी उभी. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, तेल किती घातलं, हवा कधी भरली. रोज रात्री गाडीखाली जुना पेपर सरकवून ठेवायचे आणि सकाळी तो काढून बघायचे: थेंब आहे का, असेल तर काळा की हिरवट, कुठल्या जागी. एकदा सहा महिन्यांच्या नोंदी बघून त्यांनी मेकॅनिकला सांगितलं होतं की तेल जास्त खातेय, पिस्टनच्या रिंगा बघ. रिंगाच निघाल्या.

त्या माणसाचा मुलगा मी. मला मधोमध थांबलेला काटा चालणार नव्हता.

आता मीटर कुठलं बसवायचं? जुन्या गाडीत डिजिटल आकडे म्हणजे नऊवारीवर बूट, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. काटा वाचावा लागत नाही, तो नुसता दिसतो. कुठल्या बाजूला झुकलाय आणि किती वेगानं निघालाय, हे नजरेच्या कडेलाही कळतं. शर्यतीच्या जुन्या गाड्यांत तर मीटर फिरवून असे बसवायचे की सगळं व्यवस्थित असेल तेव्हा सगळे काटे सरळ वर उभे. एक जरी तिरका झाला तरी ड्रायव्हरला न वाचता समजायचं. आकड्याला ही सोय नाही. १९८४ च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीत सगळं डिजिटल करून टाकलं होतं, काटे हद्दपार. १९९० मध्ये डॅशबोर्ड नव्यानं केला तेव्हा वेग आकड्यात राहिला, पण आरपीएमला काटा परत आणावा लागला. क्षणाक्षणाला धावणाऱ्या गोष्टीला काटाच हवा, यात शंका नाही.

पण तेलाचं प्रेशर आणि पाण्याचं तापमान यांच्याबद्दल मला धाव बघायची नव्हती. मला वहीत लिहिता येईल असं काहीतरी हवं होतं. “मध्याच्या किंचित खाली” हे वहीत लिहून पुढच्या वर्षी त्याचा काय उपयोग? “गरम इंजिन, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) १४” हे लिहिलं तर पुढच्या वर्षी ११ झालं की कळतं. म्हणून आकडे.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना तपासणीसाठी ओबीडी-टूचं सॉकेट असतं, त्यात एक छोटं यंत्र खोचलं की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दिसणारं तापमान मोबाइलवर येतं. मी ते केलं, उपयोग झाला. पण तेलाचं प्रेशर तिथं मिळत नाही, कारण ईसीयूलाच ते माहीत नाही. इंजिनवर मोजणारं कुणी नसेल तर संगणक तरी काय सांगणार? सेन्सर बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्वतःला एक अट घातली: डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली तर त्याला ती जशीच्या तशी मिळाली पाहिजे. मियाटाच्या डॅशबोर्डवर हवेसाठी चार गोल झरोके आहेत, डोळ्याच्या बुबुळासारखे फिरणारे. ५२ मिलिमीटरचं मीटर एक रिंग घालून त्यात नेमकं बसतं. प्रेशरचं मीटर माझ्या दाराजवळच्या झरोक्यात घातलं, तापमानाचं मधल्या दोनांपैकी एकात. काढलेले दोन्ही झरोके कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून, खोक्यात ठेवलेत.

खरं काम बॉनेटखाली. तेलाच्या स्विचची जागा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या वर. ज्यांनी मियाटाचा फिल्टर बदललाय त्यांना वेगळं सांगायला नको. मनगट जातं, मूठ जात नाही. बॅटरीच्या उजेडात आरसा धरून बघावं लागतं. स्विच काढला, नवा सेन्सर हातानं फिरवायला घेतला. एक फेरा, दोन फेरे, आणि तो आवळत आला. इथं पाना लावायचा मोह झाला होता. हात थांबला, कारण आवळण्याची ती जाणीव बरोबर नव्हती. घट्ट होत नव्हता, अडखळत होता.

सेन्सरचे आटे अमेरिकन होते आणि इंजिनाच्या ब्लॉकचे ब्रिटिश वळणाचे, जपान्यांनी स्वीकारलेले. दोन्ही एक अष्टमांश इंच म्हणूनच विकले जातात, दोन्ही टोकाकडे निमुळते. एकाला इंचात २७ आटे, दुसऱ्याला २८. एकाचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ५५. पहिले दोन फेरे दोघंही एकमेकांशी गोड बोलतात. पाना लावून तिसरा फेरा दिला असता तर ब्लॉकमधले आटे गेले असते, आणि तो ओतीव लोखंडाचा ब्लॉक काही झरोक्यासारखा खोक्यातून परत काढून बसवता येत नाही. सेन्सर उलटा फिरवून बाहेर घेतला, आटे पुसून भिंगाखाली बघितले, आणि योग्य अॅडॉप्टर येईपर्यंत आठ दिवस गाडी उभी ठेवली. मग अॅडॉप्टर, त्याला पितळी टी, टीच्या एका फाट्यावर जुना स्विच, दुसऱ्यावर नवा सेन्सर. मूळ काटाही चालू राहावा अशी माझी इच्छा होती.

वायरिंगला एक अख्खा रविवार गेला. किल्लीबरोबर चालू होणारी बारा व्होल्टची वायर, स्वतंत्र फ्यूज, रात्री आकडे मंद व्हावेत म्हणून डॅशच्या दिव्यांची वायर, इंजिनकडे जायला फायरवॉलमधल्या रबराच्या बुचातून वाट. संध्याकाळी किल्ली फिरवली. ६३. आवाज न करता तो आकडा उमटला आणि मी गाडीत तसाच बसून राहिलो. तेल थंड होतं, म्हणून ६३. पाच मिनिटांनी ४८. दोन मैलांची फेरी मारून आलो तर आयडलला १५. शेजारी तो जुना काटा होताच, मधोमध.

दुसऱ्या रात्री एक विचित्र गोष्ट दिसली. हेडलाइट उघडले की प्रेशर चार पीएसआयनं चढायचं. दिव्यांच्या मोटर थांबल्या की पुन्हा खाली. तेलाला दिव्यांचं काय? पोटापाण्यासाठी मी इलेक्ट्रॉनिक्सच करतो, त्यामुळे हे कोडं सुटेपर्यंत झोप येणं शक्य नव्हतं. सेन्सर प्रेशरच्या प्रमाणात व्होल्टेज देतो: शून्य पीएसआयला अर्धा व्होल्ट, दीडशेला साडेचार. म्हणजे एका व्होल्टला साडेसदतीस पीएसआय. चार पीएसआय चढायला जेमतेम एक दशांश व्होल्ट पुरतो. सेन्सरची अर्थिंगची वायर मी पुढच्या बाजूला बॉडीला जोडली होती, मीटरची आत डॅशखाली. हेडलाइटच्या मोटर जोर लावताना त्या पुढच्या अर्थिंगचं व्होल्टेज तेवढं उचललं जात होतं, आणि मीटर इमानदारीनं ते तेलाच्या नावावर मांडत होतं. सेन्सरची अर्थिंग थेट मीटरपर्यंत नेली, आकडा शांत झाला.

तापमानाचा सेन्सर वरच्या रेडिएटर होजमध्ये अॅडॉप्टर टाकून बसवला. त्यानं पहिल्याच सकाळी मला चकवलं. इंजिन गरम होत होतं, ओबीडी ७५ दाखवत होतं, आणि माझं मीटर ३१ वर. तीन मिनिटं ३१, ३२, ३२. मग अचानक ४०, ५५, ७०, ८४, बघता बघता. थर्मोस्टॅटची झडप उघडली होती. तोवर होजमधलं पाणी नुसतं उभं होतं, गरम पाणी इंजिनातच फिरत होतं. पुस्तकात शंभरदा वाचलेली गोष्ट, पण ती झडप उघडल्याचा क्षण असा समोर घडताना मी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून रोज सकाळी त्या उडीची वाट बघतो. ती उशिरा आली तर थर्मोस्टॅट अडकतोय, येताना लडखडली तर पाण्यात हवा आहे.

हे इंजिन मुळात माझदाच्या फॅमिलियासारख्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतलं, आडवं बसणारं. तिथं पाणी एका टोकानं आत येऊन दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं. मियाटात ते उभं बसवताना बाहेर पडायची वाट पुढं आणली, त्यामुळे मागच्या सिलिंडरपाशी पाण्याचा प्रवाह तुलनेनं कमी. माझा सेन्सर पुढं आहे. म्हणजे मला दिसतं ते पुढच्या दाराशी बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान. मागच्या खोलीत काय चाललंय ते नाही. ही गोष्ट मी मीटरच्या शेजारी मनात कायम लिहून ठेवली आहे. आकडा खरा असतो, पण तो एका जागेचा असतो.

पहिले तीन आठवडे गाडी चालवण्याचा आनंद गेला, हेही सांगायला हवं. डोळे रस्त्यावर कमी, आकड्यांवर जास्त. सिग्नलला १३ दिसलं की पोटात गोळा. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असलं की पुरे, हा ठोकताळा मला पाठ होता, तरी १३ बघवत नव्हतं. तेव्हा वही काढली. साधी शाळेची. गरम आयडल, तीन हजारला किती, बाहेर हवा किती, पंखा किती अंशांवर लागला. दीड महिन्यानं पानं चाळली तर सगळं तेच तेच: आयडल १३ ते १५, तीन हजारला ४७ ते ५१, पंखा ९७ ला. तिचा स्वभाव कळला आणि त्या दिवसापासून डोळे आपोआप रस्त्यावर आले. आता आकडे मी सिग्नलला थांबलो तरच बघतो.

चार महिन्यांनी एका सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर तीन थेंब दिसले. हो, मीही पुठ्ठा ठेवतो. मीटरवर काहीच नव्हतं: १४, ४९, रोजचंच. आरसा आणि बॅटरी घेऊन वाकलो. ब्लॉकला लागून असलेल्या पितळी जोडावर, पहिल्या आट्याच्या मुळाशी, केसासारखी एक रेघ, आणि तिच्यातून पाझरणारं तेल. इंजिन थरथरतं, त्यावर पितळाच्या इवल्या मानेला मी दोन जड सेन्सर टांगले होते. ती मान फ्रीवेवर तुटली असती तर सगळं तेल मिनिटाभरात रस्त्यावर आलं असतं. तेलाची काळजी घेण्यासाठी बसवलेली वस्तूच तेल सांडणार होती. आता ब्लॉकपासून जाळीचा लवचिक पाइप आणला आहे आणि सेन्सर बॉडीवर क्लॅम्पमध्ये धरला आहे. इंजिनला लटकलेलं काही नाही. हे काम करायला जो बसेल त्यानं पहिल्या दिवशीच तसं करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

ऑगस्टमध्ये बाबा आले. वय एक्याऐंशी. गाडीत बसायला वाकावं लागतं, पण बसले. मधल्या झरोक्यातला आकडा बघून म्हणाले, “बीपीचं मशीन लावलंस होय तिला?” मी वही दिली. पहिल्या पानापासून वाचली, एक शब्द बोलले नाहीत, फक्त दोन ठिकाणी बोट ठेवून थांबले.

मी त्यांना माउंट हॅमिल्टनला घेऊन गेलो. सॅन होजेच्या पूर्वेला, ४,२०० फुटांवर लिक वेधशाळा आहे. १८८८ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा तिथली ३६ इंची दुर्बीण भिंगाच्या दुर्बिणींत जगातली सर्वांत मोठी होती. वरचा रस्ता त्याच्याही आधीचा, १८७६ चा. सगळं सामान घोडागाड्यांनी वर चढवायचं होतं, म्हणून चढ कुठंही घोड्याला झेपेल त्याहून जास्त ठेवला नाही. त्यापायी वळणं मात्र शेकडो घ्यावी लागली. ही गाडी या रस्त्यावर जितकी खुलते तितकी कुठंच नाही. बाहेर छत्तीस अंश. बाबांनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं.

पहिल्या चढाला ते आपणहून आकडे वाचायला लागले. “ब्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव.” दरीत उतरताना, “सत्त्याऐंशी.” वाटेत दोनदा असा उतार लागतो आणि मग स्मिथ क्रीकचा पूल ओलांडला की शेवटचा लांब चढ. “सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.” पंखा लागला. “नव्व्याण्णव. नव्व्याण्णवच आहे. नव्व्याण्णवच.” मी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेलो, पायाला जोर कमी दिला. “सत्त्याण्णव.” मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “वास नाही येत.”

वर वेधशाळेच्या पांढऱ्या घुमटाशी गाडी लावली. मी त्यांना खाली दिसणारी खोरं दाखवत होतो, पण ते बॉनेट उघडायला सांगून थांबले होते. दहा मिनिटं जाऊ दिली. मग डिपस्टिक ओढली, खिशातल्या रुमालाला पुसली, पुन्हा आत घातली, काढली, उन्हात आडवी धरली.

“मीटर आहे ना बाबा,” मी म्हटलं.

“प्रेशरचं आहे. तेल किती आहे ते हिलाच विचारायला लागतं.”

रात्री जेवणानंतर ते कुठं दिसेनात म्हणून गॅरेजमध्ये गेलो. गाडीखालचा पुठ्ठा त्यांनी सरळ करून नेमका इंजिनाखाली सरकवला होता. बॉनेटवर वही उघडी होती, चष्मा कपाळावर, आणि माझ्या नोंदींच्या खाली त्यांच्या अक्षरात, मराठी आकड्यांत, नवी ओळ: लिक. चढ ९९, उतार ८७, गरम आयडल १४. तेल खुणेपासून दोन सूत खाली, उद्या घालणे.